चपला सापडेस्तोवर

आमच्या घरात लग्नकार्याला चार माणसं जमली की भाऊजींचा विषय निघतो. निघाला की कोणीतरी "माणूस चांगला होता, पण वाया गेला" असं म्हणतं आणि सुपारी कातरायला घेतं. इतकी वर्षं मी ते ऐकून घेतलं. आता माझेही केस पांढरे झालेत, जिना चढताना गुडघे वाजतात, आणि ऐकून घ्यायची सवय सुटत चालली आहे. तेव्हा लिहूनच ठेवतो. भाऊजी वाया गेले नाहीत. आमच्या घराण्यात वाया जाण्याचा मान माझ्याकडे आहे आणि तो मी दुसऱ्या कोणाला देणार नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. तुमसरच्या बाजाराच्या रस्त्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. एक खोली, मागच्या भिंतीला रंगवलेला काश्मीरचा पडदा, एक स्टूल आणि त्याच्यामागे फोटो धुवायची काळोखी कोठडी. इतर स्टुडिओंत 'फोटो आठ दिवसांनी' अशी पाटी असायची. भाऊजींच्या दारावर होती: 'येथे उद्या मिळत नाही.'

नवं गिऱ्हाईक ती वाचून गोंधळायचं. "मंग कवा मिळते जी?"

"आज. बंडी घेऊन आला ना? धान विकून ये. जाताना घेऊन जा."

आणि खरोखरच, माणूस बाजारात धान विकून बैल जुंपायला यायचा तोवर भाऊजी फोटो घेऊन बंडीपाशी हजर असायचे. फोटो ओला. चिमट्याने तो बंडीच्या खुंटीला लटकवायचे आणि सांगायचे, "गाव येईस्तोवर वाऱ्यानं सुकते." आजूबाजूला राइस मिलच राइस मिल, हवेत कोंडा. त्या वर्षांत आमच्या भागात ज्यांनी भाऊजींकडे फोटो काढले, त्यांच्या नवरानवरीच्या गालांवर आजही कोंड्याचे कण दिसतात. माझ्या एका मावसभावाला तर लोक फोटो बघून विचारतात, देवी आल्या होत्या का म्हणून.

'उद्या' हा शब्द दुकानात चालत नव्हताच, पण घरातही नव्हता. ताईला "उजाडल्यावर दळण आणते" असं म्हणावं लागे. मुलं अभ्यास 'झोपून उठल्यावर' करत. एकदा खांबावरची तार तुटली. लाइनमन आला, वर बघितलं, म्हणाला, "उद्या येतो." भाऊजींनी त्याची शिडी उचलली, दुकानात आडवी ठेवली, वर कुलूप घातलं आणि दारात स्टूल टाकून बसले.

"माही शिडी!" लाइनमन ओरडला.

"भेटते ना. तू येशीन तवा भेटते."

"आता काहून नाई?"

"मले बी तेच इचाराचं होतं गा. आता काहून नाई?"

तार त्याच संध्याकाळी जोडली गेली. बाजार हसला. ताई मात्र म्हणाली, "याईच्या पायी एक दिवस आपल्याले गाव सोडा लागन."

हे असं का, ते मी एकदाच विचारलं. भाऊजी कोठडीत होते, लाल दिव्याच्या उजेडात कागद हलवत होते. मान वर न करता म्हणाले, "माह्या बापाची सारी उमर उद्यात गेली. साहेब म्हनले उद्या, मास्तर म्हनले उद्या, डागदर म्हनले उद्या. बाप म्हनत गेला, हो जी. मी नाई म्हनत." मग कागदावर चेहरा उमटायला लागला आणि ते माझ्याकडे वळले, "तू बी नको म्हनू. चाल, पानी बदल."

मी त्या वेळी एका राइस मिलमध्ये कारकून होतो. भाऊजी मला 'सालेसाब' म्हणायचे, आणि बायकोचा भाऊ म्हणजे फुकटचा नोकर असं त्यांचं साधं, सरळ मत होतं. ते मला अजूनही चुकीचं वाटत नाही.

आता पाळण्याचं.

आमच्या भागात दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते. धान घरात येत असतं, माणसं मोकळी होतात. दिवसा बाजार, दंडारीचं नाच-नाटक, मिठाई, बांगड्या, आणि मधोमध डिझेलच्या इंजिनावर फिरणारा आकाशपाळणा. अशाच एका मंडईत भाऊजी पाळण्याखाली मान वर करून उभे राहिले आणि संध्याकाळ झाली तरी हलेनात. मी त्यांना ओढायला गेलो.

"ते पाह्य," ते म्हणाले. "ते बाई पायली का? खाली होती तवा डोळ्यापर्यंत पदर. वर गेली, तं तोंड उघडून हासून राहिली. नवऱ्याच्या खांद्यावर बुक्की मारून राहिली. आता पाह्य, खाली येऊन राहिली."

बाई खाली आली. पदर पुन्हा डोळ्यांपर्यंत आला आणि ती चपला शोधायला लागली. पाळण्यात बसताना माणसं चपला खाली काढून ठेवतात, वरून कोणाच्या डोक्यात पडू नयेत म्हणून. उतरल्यावर पाळण्याच्या पायथ्याशी चपलांचा नुसता गोंधळ असतो.

"वर होती ते बाई तिनं सोताच कधी पायली नसंन," भाऊजी म्हणाले. "तिले दाखवाले पाहिजे. पन लगेच. घरी गेल्यावर दाखवशीन तं म्हनंन, मी नाईच ते."

"किती लगेच?"

भाऊजींनी चपला शोधणाऱ्या बाईकडे बोट केलं. "चपला सापडेस्तोवर."

झालं. पुढची दोन वर्षं आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

आधी फोटोने करून बघितलं. खालून काढलेल्या फोटोंत फक्त तळपाय येत, आणि धुवायला लागणाऱ्या वेळात माणूस चपला घालून, भजी खाऊन, घरी पोचून झोपत असे. मग गावात व्हिडिओ आला. लग्नात नागपूरचे व्हिडिओवाले यायला लागले. खांद्यावर कॅमेरा, त्याची जाड वायर दुसऱ्याच्या खांद्यावर लटकलेल्या रेकॉर्डरला, तिसऱ्याच्या हातात डोळे फोडणारा दिवा. लोक नवरानवरी सोडून त्यांनाच बघायचे. भाऊजींनी एकच बघितलं: ह्याला धुवावं लागत नाही.

कॅमेरा निवडायला आम्ही नागपूरला किती खेपा घातल्या त्याला हिशेब नाही. भाऊजींचं निवडणंही जगावेगळं. दुकानदार सांगे, ह्याचे रंग छान, ह्यात चित्र जवळ येतं. भाऊजी कॅमेरा हातात घेऊन डोळे मिटायचे आणि नुसतं वजन घ्यायचे, भाजीवाल्याकडे कोहळं निवडावं तसं. मग घरी येऊन तेवढ्याच वजनाच्या विटा पिशवीत भरायचे. परसात आंब्याला झोपाळा बांधला होता. त्यावर समोरासमोर दोन फळ्या. एकीवर मी, खांद्यावर विटा घेऊन. दुसरीवर गिऱ्हाईक म्हणून ताई. भाऊजी जोरात झोका द्यायचे, मग थांबवायचे. ताईने उतरून चपला घालायच्या आणि तेवढ्यात मी पिशवीतून कॅसेट म्हणून एक वीट काढून भाऊजींच्या हातात द्यायची.

दोन खांद्यांचा जड कॅमेरा पहिल्याच झोक्याला बाद झाला, कारण मी विटांसकट गोठ्याच्या दिशेने गेलो. मग एक चिमुकला कॅमेरा होता, छोट्या कॅसेटचा. तो मला फार आवडला. हलका, सुबक. पण त्याची कॅसेट आधी एका डबीत घालायची, मग ती डबी व्हीसीआरमध्ये.

"नाई," भाऊजी म्हणाले.

"भाऊजी, हा घ्या. माह्या खांद्याचा इचार करा."

"तुह्या खांद्याचा करू का गिऱ्हाइकाच्या चपलेचा? ते डबी उघडू, लावू, तोवर बाई नदीपार होऊन जाईन."

शेवटी मधला निवडला. पोटात मोठीच कॅसेट घेणारा, कोणाच्यातरी पाहुण्याने आखातातून आणलेला, जुना. त्यात माणसं जरा हिरवी दिसत. "धानाच्या मुलकातली मानसं हिरवीच दिसाची," एवढं म्हणून भाऊजींनी तो मुद्दा संपवला.

पण ताई काही हरत नव्हती. तिला हा उद्योग नकोच होता, कारण त्यासाठी घरातला रंगीत टीव्ही गावोगाव जाणार होता. कितीही घाई केली तरी तिच्या चपला आमच्या आधी पायांत. शेवटी कळलं की ती चपला पदराखाली हातात धरूनच झोपाळ्यावर बसत होती.

"हे बेइमानी हाय वं," भाऊजी म्हणाले.

"टीव्ही नेता तं बेइमानी नाई, आन माह्या चपला मी घेतल्या तं बेइमानी?"

तिच्यामुळेच रीत पक्की झाली, हे मात्र खरं. कॅसेटा दोन. एक वर, एक खाली. प्रत्येक फेरी कॅसेटच्या अगदी सुरुवातीपासून भरायची, म्हणजे खाली आल्यावर शोधाशोध नाही. बटण दाबलं की मागे जाते, टक् करून थांबते, की लावली. पुढची फेरी त्याच्यावरच भरायची. आधीचं पुसलं जातं, जाऊ द्या. कोणी म्हणालंच की आम्हाला द्या, तर भाऊजींचं उत्तर तयार असे: "घरी टीव्ही हाय काय तुह्या? नाई ना? मंग कॅसेटले काय चुलीत घालशीन?"

पहिल्या मंडईला टीव्ही गोधडीत गुंडाळून बंडीतून निघाला तेव्हा ताई दारात अशी उभी होती की पोरीची पाठवणी चालली आहे. दिवसाउजेडी टीव्ही दिसत नाही म्हणून भाऊजींनी कोठडीचा काळा पडदा काढून त्याची राहुटी केली. वीज इंजिनवाल्याच्या जनरेटरची. माझी जागा पाळण्यात, गिऱ्हाइकासमोरच्या फळीवर.

एक गोष्ट भाऊजींनी मला विचारली नव्हती आणि मी सांगितली नव्हती. मला उंचीची भीती वाटते. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर माझं तोंड सुकतं. पाळणा वर गेला. मी कॅमेऱ्याच्या भिंगात डोळा खुपसला. आत जग इवलंसं, काळंपांढरं होतं. तिथे बरं वाटत होतं. मी बाहेर आलोच नाही. मात्र फेरीगणिक मी फळीवरून घसरत होतो आणि माझ्याबरोबर कॅमेराही.

खाली आलो. चपला सापडायच्या आत चित्र लागलं. पडद्यावर चार गुडघे होते. गुडघे वर जात होते, गुडघे खाली येत होते, मधूनच एक गुडघा घाबरून दुसऱ्याला चिकटत होता. आवाज मात्र चोख: "अवं माय! अवं माय!"

नवरा म्हणाला, "हा डावा माहा हाय."

बायको पदरात तोंड घालून हसत होती. "तुमचाच हाय. खरचटलेला."

मी मान खाली घालून उभा. भाऊजी? त्यांची छाती फुगली होती. "वेळेवर आला का नाई?" त्यांनी गिऱ्हाइकाला विचारलं.

"आला जी."

"मंग?"

ती कॅसेट तेवढी त्यांनी पुसली नाही. वर चिठ्ठी डकवली, 'सालेसाबांचा पहिला पिक्चर', आणि आमच्याबरोबर मंडईमंडईला फिरणाऱ्या पेटीत ठेवून दिली. "तुह्या लग्नात लावू." मी काही उलट बोललो की ते नुसते पेटीकडे बघायचे.

त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी आम्ही बऱ्याच मंडया केल्या. मी फळीला स्वतःला दुपट्ट्याने बांधून घ्यायला शिकलो, चेहरे यायला लागले. माणसं राहुटीत जाताना मुकी असायची आणि बाहेर येताना एकमेकांना ढकलत यायची. शहरातला एक मोठा स्टुडिओवाला म्हणाला, "असा धंदा कुठं असतो काय? हातात काहीच देत नाही." भाऊजी म्हणाले, "देत नाई, दाखवतो."

मग ते गाव आलं.

वैनगंगेच्या काठचं, पवनीच्या बाजूचं. नाव लिहीत नाही, त्या काठाला तशी कितीतरी होती. मोठं धरण होणार, गाव पाण्यात जाणार, अशी पक्की बातमी होती. शाळेत मोजणीवाले उतरले होते, बांधाबांधावर चुन्याच्या खुणा होत्या. कधी जाणार विचारलं तर कोणी काही सांगत नव्हतं. तरी मंडई भरली होती. उलट, जास्तच भरली होती. लेकी आल्या होत्या, जावई आले होते.

पहिल्याच फेरीला एक पन्नाशीची बाई नवऱ्याला दंडाला धरून घेऊन आली. हातात विळ्याचे घट्टे, आवाज खणखणीत. नवरा "मले गरगरते वं" म्हणत होता, तिने त्याला पोत्यासारखा आत टाकला. पाळणा वर गेला. मी भिंगात तिचा चेहरा धरला. ती माझ्याकडे बघतच नव्हती.

"ए पोरा. काय पायतं माह्या थोबाडात?"

"चित्र काढून राहिलो, बाई."

"माहं थोबाड मी रोज पायतो. तिकडं फिरव."

"तिकडं?"

"तिकडं! ते तलाव दिसते का? घे. त्याच्या पाठीमागं चिंच. घे. ते कौलं दिसतात, पांढऱ्या भिताडाची, ते आमचं घर. अवं बाप्पा, एवढुसं हाय काय आपलं घर! अहो, पाहा तं, डोळे उघडा. जनमभर त्याच घरात राह्यलो, वरून कधी पायलं नाई."

मी कॅमेरा बाहेर वळवला. बाहेर वळवायचं म्हणजे बाहेर झुकायचं. माझ्या दुपट्ट्याची गाठ कुरकुरली. तळं, तळ्याखालचे कापलेल्या धानाचे बांध, पुढे नदीची पांढरी रेती, आणि मागे तिचा आवाज, बोट दाखवून एकेक नाव घेणारा.

खाली राहुटीत ते लागलं तेव्हा भाऊजी आधी माझ्यावर डाफरले, "मानसं कुठं गेली रे?" मग टीव्हीपाशी सरकले. बाईच्या मागून आलेली माणसं पडद्यातून डोकी आत घालत होती. कोणीतरी म्हणालं, "हे तं आपलं गाव हाय." मग ते बाहेर पसरलं. पाळण्यापुढे अशी रांग लागली की इंजिनवाला घाबरून म्हणाला, "सेठ, झूला टूट जायेगा."

दुसरी फेरी दुसऱ्या कॅसेटवर झाली. तिसऱ्या फेरीसाठी भाऊजींनी पहिली कॅसेट व्हीसीआरमधून काढून माझ्याकडे सरकवली. मध्ये तो विळ्याचे घट्टे असलेला हात आला.

"हे पुसशीन?"

"बाई, रीत हाय. लोकं लायनीत हायेत."

"पुसून पाह्य."

"भराच्या दोनच कॅसेटा हायेत माह्यापाशी. नाई पुसली तं मागं-पुढं करून शोधत बसा लागन. लोकायले थांबा लागन. माह्या दुकानात कोनी थांबत नाई."

"लोकायले इचार ना," बाई म्हणाली आणि रांगेकडे वळली. "काय जी, थांबता का जाता?"

"थांबतो ना!" रांगेतून आलं. आणि मागून कोणीतरी: "पानी येईस्तोवर थांबतो!"

रांग हसली. भाऊजी हसले नाहीत. हातात कॅसेट धरून ते उभे होते. मी त्यांना इतकं ओळखत होतो की घाम मला फुटला. जन्मभर त्यांनी कोणाला थांबायला सांगितलं नव्हतं. त्यांची सगळी पत, सगळी अकड त्या चपलांवर उभी होती. आत्ता लोकांना थांबवलं तर आपण त्या लाइनमनसारखेच, असं त्यांना वाटत असणार. आणि पुसलं, तर बापाला परत पाठवणाऱ्या त्या साहेबांसारखे.

त्यांनी कॅसेट पुन्हा माझ्या हातात दिली. "जिथं संपली तिथून पुढं भर. पुसाचं नाई. सारे बसतीन, कोनी सुटाचं नाई." आणि रांगेला म्हणाले, "थांबा."

त्या दुपारी मी किती वेळा वर गेलो कोण जाणे. भीती वाटायलाही उसंत नव्हती. प्रत्येकजण आपापलं बोट बाहेर काढून बोलत होता. ही माझी विहीर. इथं बैल पुरला. ह्या वाटेनं मी नवरी आली. एका फेरीला दोन भाऊ बसले. त्यांच्या शेतांमधल्या धुऱ्यावरून त्यांचं वर्षानुवर्षं भांडण होतं, हे मला वर गेल्यावर कळलं.

"तो धुरा घे," थोरला म्हणाला. "तो माहा हाय."

"तुह्या बापाचा हाय काय?" धाकटा.

"बापाचाच तं हाय! तुहा बी बाप तोच होता ना!"

भांडणाने पाळणा डुलायला लागला. मी भिंगातून तो धुरा धरून ठेवला. वरून बघितलं तर दोन शेतांमधली ती रेघ एखाद्या दोरीएवढी.

ऊन उतरलं तेव्हा सफारीतले एक साहेब आले. मोजणीवाल्यांपैकी. "हे काय चाललंय? गाव मोजणीत आहे. वरून चित्रं काढायची परवानगी कोणी दिली?"

"वरून पाह्याची परवानगी पाळण्याच्या तिकिटातच येते, साहेब," भाऊजी म्हणाले.

"जास्त बोलू नका. कॅसेट जमा करा. आणि उद्या ऑफिसात या."

मी डोळे मिटले. शिडी आठवली. पण भाऊजी अगदी शांतपणे म्हणाले, "उद्या कायले साहेब? कॅसेटच पाहिजे ना? आताच घेऊन जा." ते राहुटीत गेले, बाहेर आले आणि एक कॅसेट दोन्ही हातांनी साहेबांना दिली. साहेब ती काखेत मारून शाळेकडे निघून गेले.

बाई पुढे आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, जाळ होता. "एवढाच दम होता काय रे तुह्यात? सारा दिवस चपला-चपला करत होता. आमचं गाव त्याच्या काखेत देऊन टाकलं?"

भाऊजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सालेसाब, तुमचे गुडघे सरकारजमा झाले."

मला कळायला वेळ लागला. लोकांना त्याहून जास्त, कारण त्यांना गुडघ्यांचं काहीच माहीत नव्हतं. मग मीच सांगितलं, माझ्याच फजितीची गोष्ट, पाळण्याखाली उभा राहून, पहिल्यापासून. बाई आधी हसली. मग सगळी मंडई हसली. त्या हसण्यातच भाऊजींनी राहुटीचा काळा पडदा काढून टाकला. अंधार पडत आला होता, त्याची गरज उरली नव्हती. त्यांनी टीव्ही बंडीवर चढवला आणि कॅसेट पहिल्यापासून लावली.

अख्खं गाव जमिनीवर बसलं. आपापल्या फेरीनंतर चपला शोधायला कोणी गेलंच नव्हतं. पाळण्याच्या पायथ्याशी त्यांचा ढीग तसाच पडला होता. भाऊजींनी एकदा त्या ढिगाकडे बघितलं. मला म्हणाले, "आपन हारलो रे." इतका खूष झालेला माणूस मी हरताना कधी बघितला नाही.

साहेबांनी ती कॅसेट कधी लावून बघितली का, माहीत नाही. परत मात्र कोणी मागायला आलं नाही.

पाणी यायला पुढे फार वर्षं लागली. दर वर्षी मंडईला भाऊजी त्या गावी जायचे आणि ती कॅसेट लावायचे. पाळणा येवो न येवो. धंदा केव्हाच मोडला होता. घरोघरी टीव्ही आले, मग कॅमेरेही आले. घरची माणसं म्हणायची, कशाला जाता. ते टीव्ही गोधडीत गुंडाळायला घ्यायचे. पाणी काही त्यांनी बघितलं नाही, आधीच गेले. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, उद्या बघू, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी डॉक्टरला बाहेर घेऊन गेलो आणि सांगितलं, साहेब, दुसरा कोणताही शब्द वापरा.

आता मी जातो. गाव नव्या जागी वसलंय. सरळ रेषेत घरं, घरांना नंबर. तळं नाही. मंडई आहे. पहिल्या वर्षी मी टीव्ही आणि व्हीसीआर देवळाच्या ओट्यावर मांडला. मांडून मागे वळलो तर लोक येत होते आणि मैदानाच्या कडेला चपला काढून ठेवत होते. सगळे. ढीग झाला. एक कॉलेजातलं पोरगं हसून म्हणालं, "आजी, इथं कुठं पाळणा आहे?"

"तू बस चूप," ती विळ्याच्या घट्ट्यांची बाई म्हणाली. आता ती काठी टेकते. आवाज तसाच आहे. "आन पाय वर घे. वर जाचं हाय."

कॅसेट सुरू झाली. हिरवं तळं, हिरवी चिंच, तिचाच आवाज: अवं बाप्पा, एवढुसं हाय काय आपलं घर. बराच भाग झाला, आणि मधेच लाइन गेली. काळोख. मी बॅटरी शोधत होतो. मागून कोणीतरी म्हणालं, "चाला, आता उद्या पाहू."

"कोन म्हनला रे उद्या?" बाईचा आवाज कडाडला.

कोणी हललं नाही. त्या काळोखात, मैदानाच्या एका टोकाकडून एक म्हातारा आवाज आला, "तो धुरा घे. तो माहा हाय."

आणि दुसऱ्या टोकाकडून तितकाच म्हातारा दुसरा, "तुह्या बापाचा हाय काय?"

"बापाचाच तं हाय!" सगळं मैदान एका सुरात म्हणालं.

पुढचं गाव त्यांनी तसंच, तोंडानेच दाखवलं. विहीर, बैल, नवरीची वाट. एकही फेरी सुटली नाही. लाइन आली तेव्हा टीव्हीवर नुसत्या मुंग्या होत्या, तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं, आणि चपला शोधायला एकजणही उठला नव्हता.